अंगठ्याचं माप

बुटांच्या कारखान्यात फर्म्याला जेवढा मान असतो, तेवढा मालकालाही नसतो. फर्मा म्हणजे लाकडात कोरलेलं पाऊल. त्यावर कातडं ओढायचं, ठोकायचं, सुकवायचं, आणि मग लाकूड काढून घेऊन त्या जागी गिऱ्हाइकाचा पाय जाऊ द्यायचा. मालक चुकला तर कंपनीचा तोटा होतो. फर्मा चुकला तर गावभर माणसं लंगडतात. या कारखान्याचा मूळ फर्मा मात्र कधी चुकला नव्हता. डाव्या-उजव्या पावलांच्या त्या जोडीला सगळे थोरला म्हणायचे, आणि घरातल्या थोरल्यासारखाच तो काही काम न करता काचेच्या कपाटात मानानं बसलेला असायचा.

थोरल्याच्या डाव्या पावलाला, बाहेरच्या अंगाला, करंगळीच्या मुळाशी एक उंचवटा होता. पाहिला तर लाकडाची गाठच वाटावी. पण त्या उंचवट्यामुळे बुटाच्या आत करंगळीला एक खळी मिळायची आणि नवाकोरा बूट पहिल्या दिवसापासून चावत नसे. ‘घातला की विसरला’ ही कंपनीची जाहिरात निम्म्या जगात पोचली ती या खळीच्या जिवावर. गंमत म्हणजे थोरल्याच्या उजव्या पावलाला उंचवटा नव्हताच. डाव्याची महती कळल्यावर कारखान्यानं पुढच्या सगळ्या फर्म्यांना तो दोन्ही पायांवर दिला. मूळ उजवा साधाच का राहिला, हे कुणी कधी विचारलं नाही. चांगलं चाललंय ना, मग खोलात कशाला शिरा!

थोरला कोरला होता ताईच्या वडिलांनी, युद्धाच्या दिवसांत. ताई म्हणजे कारखान्याच्या फर्मा विभागाची प्रमुख; मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. वडिलांचं टेबल तिच्याकडे आलं, वडिलांच्या पटाशा आल्या, आणि अंगठाही आला. खाण तशी माती, असं जुने कारागीर कौतुकानं म्हणायचे. फीत लांबी सांगते, घेर सांगते, पण हाडं अंगठ्याशी बोलतात, हे बाबांचं वाक्य. हाताच्या अंगठ्यानं टाचेपासून निघायचं, बाहेरच्या कडेनं करंगळीच्या मुळाशी यायचं, तिथे वळायचं आणि तिरपं चवड्यावरून पायाच्या अंगठ्याखाली जाऊन थांबायचं. ही पद्धत बाबांची होती आणि बाबांनंतर एकट्या ताईची. बाकीच्यांनी शिकायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“उंचवटा सुचला कसा?” असं लोक बाबांना विचारत. “हाताला सुचला,” असं ते सांगत. ताईनंही नव्या कारागिरांना वर्षानुवर्षं तेच सांगितलं, आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

आता भरपाईचा निधी आला होता. युद्धात छावणीतले कैदी ज्या ज्या कारखान्यांनी राबवले, त्या कारखान्यांनी आणि सरकारनं मिळून भरपाई द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे वरातीमागून घोडं. कैद्यांची नातवंडं कामाला लागली तेव्हा कुठे साहेब लोकांना पश्चात्ताप झाला, आणि तोही परदेशातल्या दुकानांनी माल परत पाठवायची भाषा केल्यावर. पण घोडं आलं हे काही वाईट नाही. ज्याचा अर्ज मंजूर होईल त्याला सरकारी प्रमाणपत्र, महिन्याला काही रक्कम, आणि या कंपनीतर्फे शिवाय हातानं शिवलेला बुटांचा एक जोड. कारण या कारखान्यात आलेले कैदी बूट शिवत नव्हते. ते बूट घालून चालत होते. मागच्या अंगणात खडी, वाळू, चिखल आणि सिमेंट अशी एक गोल वाट केली होती. पाठीवर पोतं घेऊन त्या वाटेवर दिवसभर चालायचं, म्हणजे बूट कुठे फाटतो ते कळतं. पडेल त्याला उचलून नेत. पुन्हा तो दिसेलच असं नसे. त्या वाटेवर आता कामगारांच्या गाड्या लावतात. ताईचीही तिथेच असायची.

“मापं निकालाआधीच घेऊन टाका,” व्यवस्थापक म्हणाले होते. “निकाल लागेपर्यंत पाय शिल्लक राहायला हवेत ना!” सगळे हसले होते. ताईही हसली होती. ते हसू तिला नंतर फार महागात पडलं.

*

अर्जदारांपैकी एक, पंपवाले आजोबा, सुनेचा हात धरून मापाच्या खोलीत आले. आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस; बोटं अजून काळपट होती. खुर्चीत बसताना म्हणाले, “बूट कशाला हवेत मला? आता जायचं ते काही चालत जायचं नाही.”

“नाना, काहीतरीच काय बोलता!” सूनबाई म्हणाली, आणि त्यांचे मोजे काढून दिले.

ताईनं फीत लावली, आकडे लिहिले, मग डावा पाय मांडीवर घेऊन सवयीनं अंगठा टाचेला टेकवला. पाऊल सुकलेलं होतं, कातडी सैल पडली होती. अंगठा कडेनं पुढे सरकला, करंगळीच्या मुळाशी आला आणि थबकला.

उंचवटा होता. जुना, मोडून वेडावाकडा जुळलेला, घट्ट. ताईचा अंगठा तो उंचवटा आपल्या नावासारखा ओळखत होता. लहानपणी बाबांनी तिचे डोळे रुमालानं बांधून तिला थोरल्यावर अंगठा फिरवायला लावलं होतं, तेव्हापासून ओळखत होता.

 आणि त्याच क्षणी म्हाताऱ्यानं पाय झटक्यानं मागे ओढला.

“तुम्ही त्याच्या कोण?” ते म्हणाले. आवाज बदलला होता.

“कोणाच्या?”

“लाकूडवाल्याच्या. तो यायचा शेडमध्ये. असाच पाय मांडीवर घ्यायचा, असाच अंगठा फिरवायचा. तिथे वळायचा, तिथे थांबायचा. तोच हात आहे हा.”

 खरं म्हणजे उत्तर दोन शब्दांचं होतं. त्या दोन शब्दांऐवजी तिनं हसून सांगितलं, “आम्हाला सगळ्यांना असंच शिकवतात, आजोबा. मी त्यांची कुणी नाही.”

 आजोबांनी स्वतःच मोजा चढवला. माप अर्धंच राहिलं.

दाराशी सूनबाई हळूच म्हणाली, “राग मानू नका. गुरुवारी शेवटची सुनावणी आहे, त्या विचारानं झोप नाही त्यांना. छावणीची कागदपत्रं जळली. बाकीचे कैदी म्हणतात, हा आमच्यात नव्हता. नव्हतेच हो! यांना सुतारकामाच्या शेडमध्ये वेगळं ठेवलं होतं. पण ते पटवायचं कसं?”

“पैशांची अडचण आहे का?” ताईनं विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

“पैसे कुणाला नको असतात? पण यांचं दुखणं वेगळं आहे. काही लोक तेव्हा पगारावरही आले होते ना कारखान्यात, आपल्या खुशीनं. गावात सगळे यांना त्यातलेच समजतात. सख्खा भाऊ मरेपर्यंत बोलला नाही. माझा नवरा गेला, त्यालाही शेवटपर्यंत शंका होती. समितीनं अर्ज फेटाळला तर कागदावरही तेच येईल. स्वखुशीनं आला होता, असं.”

*

जेवणाच्या सुट्टीत ताईनं कपाट उघडलं आणि थोरला मांडीवर घेतला. फीत लावायची गरज नव्हती, तरी लावली. म्हातारपणी पाऊल पसरतं, सुकतं, पण हाडांची ठेवण कुठे जाते? डावा तोच होता. उजवा साधा होता, कारण म्हाताऱ्याचा उजवा पाय साधा होता. इतकं सोपं होतं ते. आणि आपण नव्या पोरांना इतकी वर्षं काय शिकवत आलो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली. तिनं थोरला परत कपाटात ठेवला.

संध्याकाळी घरी निघाली तेव्हा पायात कंपनीचेच बूट होते. ‘घातला की विसरला’. त्या दिवशी मात्र पावलागणिक करंगळीला ती खळी लागत राहिली.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मधुमेहानं पायांतली जाणीव गेली होती. कित्येक वर्षांत ते चालले नव्हते. ताईनं त्यांचा चहा पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, “बाबा, थोरला कुणाचा पाय?”

त्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. नव्वदीच्या माणसाला विसरल्याचं सोंग करायची मुभा असते. बाबांनी ते केलं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

“आहे तो अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“चांगला पाय होता. असा पाय मिळत नाही गं सहजासहजी. वाटेवर चालताना बघितला आणि मागून घेतला. शेडमध्ये ठेवला. बाकीच्यांपेक्षा बरं खायला मिळायचं त्याला.”

“आणि करंगळी?”

“चाचणीच्या बुटात मोडली. बूट कडक होता. वरचे म्हणाले, बूट बदल नाहीतर माणूस बदल. मी बूट बदलला. माणूस बदलला असता तर काय झालं असतं, कल्पना आहे तुला? मी वाचवला त्याला.” हे सांगताना त्यांचा आवाज चढला. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात खूप वेळा म्हटलेलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

“बरी होईपर्यंत बसवून ठेवलंत ना त्याला?”

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

“बाबा.”

“चालायचा,” ते म्हणाले. “चालल्याशिवाय उंचवटा किती धरायचा ते कळणार कसं? दर आठवड्याला थोडा छिलायचो, थोडा वाढवायचो. रडायचा. पण खळी बरोबर बसली त्या दिवशी रडला नाही. त्या दिवशी मला कळलं, जमलं.”

ताई खाली बसली. बापाच्या मांडीवर डोकं ठेवायची तिला सवय होती, आणि आता त्या मांडीकडे बघवत नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण बाबांचे ते निर्जीव पाय जाड मोज्यांत शेजारी शेजारी ठेवलेले दिसत होते, आणि रोज सकाळी ते मोजे तीच चढवत होती.

“माझ्याबद्दल विचारलं त्यानं?” बाबा म्हणाले.

“विचारलं. तुम्ही त्याच्या कोण, म्हणाले.”

“मग?”

“मी सांगितलं, मी त्यांची कुणी नाही.”

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. “बरं केलंस,” ते म्हणाले, आणि चहा प्यायला घेतला.

ते ‘बरं केलंस’ ताईला थपडेसारखं लागलं. बापानं जे केलं ते भीतीच्या राज्यात केलं होतं. तिनं आज दुपारी जे केलं, ते करायला तिला कुणीही भाग पाडलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ती व्यवस्थापकांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. निदान तिला तसं वाटलं. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं, तिला पाणी दिलं, स्वतः प्यायले.

“ताई, आजोबांना आपण वाऱ्यावर सोडायचं नाही,” ते म्हणाले. “निधीतून नसेल जमत, तर कंपनीच्या धर्मादाय खात्यातून देऊ. निधीपेक्षा जास्तच देऊ. पण थोरल्याचं हे बाहेर गेलं तर कंपनीची अब्रू गेली. आणि तुमच्या बाबांचं काय? या वयात त्यांच्या दारात वार्ताहर उभे करायचे का? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पण त्यांना पैसे नकोत. ते स्वखुशीनं आले नव्हते, एवढंच हवंय.”

“ते समिती बघेल ना. आपण कोण?”

ताई मान हलवून बाहेर आली. आणि खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. आपण सांगायचं ते सांगितलं, आता वरचे बघतील. जिन्यावर तिच्या लक्षात आलं, की बाबांनीही असंच वरच्यांवर ढकललं होतं: वरचे म्हणाले, म्हणून मी केलं. त्यानंतर गुरुवारपर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. तरी ती कुणाकडेही गेली नाही. लाज वाटणं वेगळं आणि पाऊल उचलणं वेगळं.

*

सुनावणी कारखान्याच्याच सभागृहात होती. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीशबाई. शेजारी सरकारी डॉक्टर आणि कंपनीचे व्यवस्थापक. बुटांबद्दल काही विचारायचं झालं तर असावी म्हणून ताईला कडेला खुर्ची दिली होती.

“आजोबा,” अध्यक्षबाई समजुतीनं म्हणाल्या, “तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण कागद नाही, सोबती ओळखत नाहीत. तुम्हाला शेडमध्ये पाहिलेला एक तरी माणूस दाखवू शकाल?”

पंपवाले आजोबांनी मान वळवून ताईकडे पाहिलं. तिचे कान तापले. आता नाव घेतील, आता बोट दाखवतील, आणि मग आपल्याला बोलावंच लागेल, अशी आशा तिला वाटली. हो, आशाच. कुणी ढकललं तर उडी मारायची, अशा माणसाची असते तशी.

पण म्हाताऱ्यानं ढकललं नाही. “नाही, बाई,” ते म्हणाले. “मध्यंतरी वाटलं होतं, कुणीतरी आहे म्हणून. चुकलो असेन. म्हातारपणी पायांना काय वाटेल याचा नेम नाही.”

सूनबाईनं डोळ्यांना पदर लावला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लेखनिकाला सांगायला सुरुवात केली, “पुराव्याअभावी, अर्जदार स्वखुशीनं कामावर आला असावा असं धरून—”

“थांबा,” ताई म्हणाली.

ती कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. व्यवस्थापकांनी हलकेच मान हलवून तिला खाली बसायची खूण केली. तिनं पाहिली, आणि नजर काढून घेतली.

“मी त्याची मुलगी आहे,” ती म्हणाली. अध्यक्षबाईंना नाही, म्हाताऱ्याला. “लाकूडवाल्याची. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.”

मग ती खाली गेली, कपाटातून थोरला घेऊन आली, आणि समितीच्या टेबलावर, कागदांवरच ठेवला. “हा पाय यांचा आहे,” ती म्हणाली. “आमच्या कंपनीनं आजवर विकलेला प्रत्येक बूट यांच्या मोडलेल्या करंगळीवर बेतलेला आहे. मोडलेल्या पायानं यांना चालवलं, उंचवटा नीट बसेपर्यंत. माझ्या वडिलांनी. ते जिवंत आहेत, त्यांना विचारा. ते सांगतील.”

डॉक्टरांनी आजोबांचा मोजा उतरवला. एक हात लाकडावर आणि एक हात पावलावर ठेवून त्यांनी दोन्ही उंचवटे चाचपले. मग उजवा फर्मा आणि उजवं पाऊलही ताडून पाहिलं. “मोडलेलं हाड कोवळ्या वयातलं आहे,” ते शेवटी म्हणाले. “आणि लाकडातले पाय नि हे पाय एकाच माणसाचे आहेत. मला शंका नाही.”

अध्यक्षबाईंनी लेखनिकाला ‘स्वखुशीनं’ हा शब्द खोडायला सांगितला. व्यवस्थापक टेबलाकडे बघत बसले होते. थोरल्याकडे ते पहिल्यांदाच बघत असावेत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

म्हाताऱ्यानं हात पुढे करून फर्मा उचलला. उलटासुलटा करून पाहिला. उंचवट्यावर बोट ठेवलं. सगळ्यांना वाटलं रडतील, पण ते पंप तपासावा तसं बारकाईनं बघत होते.

“चांगलं काम आहे,” एवढंच ते म्हणाले, आणि फर्मा खाली ठेवला.

*

सगळे पांगल्यावर ताई त्यांच्यामागून बाहेर आली. बाकाजवळ सूनबाई त्यांना बुटांचे बंद बांधून देत होती. माफी मागायची असं ताईनं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण ते समोर आले तेव्हा सगळेच शब्द तोकडे वाटले. बापाच्या वतीनं मागायची, कंपनीच्या, की त्या दुपारच्या आपल्या खोट्याबद्दल? 

“तो चालतो का अजून?” आजोबांनी विचारलं.

“नाही. पायांतली जाणीव गेलीय त्यांच्या.”

त्यांनी मान हलवली. त्यात आनंदही नव्हता आणि दयाही नव्हती.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुमचं माप अर्धं राहिलंय. चालत असेल तर मी पुरं करते. नको असेल तर तसं सांगा. मी कुणाला दुसऱ्याला—”

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग बाकावर बसले, सुनेनं नुकताच बांधलेला बंद स्वतः सोडला, बूट-मोजा काढला, आणि डावा पाय पुढे केला.

“घ्या माप,” ते म्हणाले. “बूट घालीन मी. पण अंगठा लावू नका.”

ताई फरशीवर गुडघे टेकून बसली. अंगठा मुठीत दाबून धरला आणि उरलेल्या बोटांनी फीत पावलाभोवती आणली. अंगठ्याशिवाय फीत धरायची तिला सवय नव्हती. ती निसटली, तिनं पुन्हा धरली, पुन्हा निसटली. आजोबांनी पाय हलवला नाही.